मोझार्टवरचं रॉक नाटक, पण गाणं सालिएरीचं

तुम्ही काय विचारलंय ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी फ्रेंच शिकतेय, तिच्या नादाने 'मोझार्ट, लोपेरा रॉक' हे अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार मोझार्टच्या आयुष्यावरचं फ्रेंच रॉक नाटक घरात दिवसभर वाजतं. तुम्ही स्वतः मोझार्ट आवडीने ऐकणारे. डोळ्यांत काजळ घातलेला मोझार्ट इलेक्ट्रिक गिटारवर उड्या मारताना बघून तुमचं डोकं फिरलं. पण त्यातल्या सालिएरीची, म्हणजे मोझार्टच्या काळातल्या प्रतिस्पर्धी संगीतकाराच्या तोंडची, दोन गाणी काही केल्या डोक्यातून जाईनात. तर हा प्रकार मनावर घ्यायचा का, त्यात खरं किती, आणि तुमचा वैताग म्हणजे नुसता म्हातारचळ तर नाही ना, असे तुमचे तीन प्रश्न.

वैताग रास्त आहे. मलाही आला होता. मी गेली सव्वीस वर्षं पियानोवर बसून गायकांची तयारी करून घेते. कधी कॉयर म्हणजे समूहगान, कधी ऑपेरातली एखाददुसरी आरिया म्हणजे एकट्याचं गाणं, आणि अलीकडे बरीचशी म्युझिकल करणारी तरुण पोरं. हा प्रयोग मी चित्रित स्वरूपातच पाहिलाय, पण विद्यार्थ्यांच्या कृपेने इतक्या वेळा, की कुठल्या ओळीआधी कोण कुठे श्वास घेतो हेसुद्धा आता पाठ झालंय.

जुजबी माहिती आधी उरकते. निर्माते दोव आतिया आणि आल्बेर कोएन, दिग्दर्शक ऑलिव्हिए दाआँ, जो मुळात सिनेमावाला. पहिला प्रयोग २२ सप्टेंबर २००९ ला पॅरिसच्या पाले दे स्पोरमध्ये झाला आणि जुलै २०११ पर्यंत ही मंडळी तो घेऊन फिरली. पाले दे स्पोर हे नाट्यगृह नव्हे, चारेक हजार माणसं मावतील असा घुमटाचा क्रीडामंडप आहे. हे लक्षात ठेवा, कारण आवाज, हावभाव, पोशाख सगळं त्या शेवटच्या रांगेसाठी मापलेलं आहे. मोझार्टचं काम मिकेलांजेलो लोकोन्तेने केलंय, तो इटालियन. सालिएरी झालाय फ्लोराँ मोत, तो फ्रेंच. म्हणजे खऱ्या इतिहासातला इटालियन इथे अस्खलित फ्रेंच बोलतो आणि ऑस्ट्रियन माणूस इटालियन हेल काढून. मला ही उलटापालट आवडते. मोझार्ट जिथे जाईल तिथे उपरा वाटतो, ते काम त्या हेलाने फुकटात होतं.

आता मुख्य अडचण. संगीतकाराच्या आयुष्यावर गाण्यांचं नाटक करायला घेतलं, की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न समोर येतो: हा माणूस गाणार कोणाचं? चित्रकारावर नाटक केलं तर तो गाऊ शकतो, त्याच्या चित्रांना धक्का लागत नाही. पण मोझार्टने तोंड उघडलं आणि बाहेर २००९ सालच्या चालकारांची चाल आली, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच तुलना सुरू होते. त्या तुलनेत कोण टिकणार? बरं, मोझार्टच्याच चालींवर गिटार आणि ड्रम चढवायचे म्हटलं, तर ती लग्नाच्या वरातीतली बँडपार्टी होते. या मंडळींनी मधला रस्ता काढला. पात्रं गातात ती गाणी नवी, रॉक आणि पॉपच्या वळणाची. मोझार्टचं मूळ संगीत मधूनमधून तुकड्यांनी येतं, ते कोणी 'गाण्यात' बोलत नाही. ते नाटकातलं संगीत म्हणून वाजतं आणि पात्रं ते ऐकतात.

आणि इथेच गंमत होते. नवी गाणी ही भावनांची भाषा ठरली आणि मोझार्टचं संगीत ही ऐकण्याची वस्तू ठरली, तर मग सगळ्यात सशक्त गाणी कोणाला मिळणार? जो ऐकतो त्याला. म्हणून सालिएरी. मध्यंतरापर्यंत तो जवळजवळ नाहीच, आणि तरी मुलं घरी जाताना त्याचीच गाणी गुणगुणत जातात. मोझार्टचं 'तातू म्वा', म्हणजे 'मला गोंदव', हे गाणं चटपटीत आहे, पण कुठल्याही वीस वर्षांच्या उनाड पोराच्या तोंडी ते शोभलं असतं. त्यात संगीतकार कुठेच नाही. याउलट 'ल बिअँ की फे माल', म्हणजे जिवाला लागणारं सुख, हे सालिएरी मोझार्टचं संगीत ऐकून झाल्यावर गातो. सुंदर काहीतरी कानावर पडलंय, ते आपल्याला कधीच जमणार नाही हे कळलंय, आणि तरी ऐकावंसंच वाटतंय. हे गाणं फक्त संगीतातल्याच माणसाचं असू शकतं. मी स्वतः पियानो वाजवते, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

'लासासँफोनी' हे तुमच्या डोक्यातून न जाणारं दुसरं गाणं असणार. नावातच कोटी आहे: मारेकऱ्याला फ्रेंचमध्ये 'आसासँ', त्यात सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, मिसळली. झोप न येणारी रात्र, आणि डोक्यात दुसऱ्याचंच संगीत. सुरुवात खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशी पुटपुटल्यासारखी, आणि ध्रुवपदाला आवाज एकदम वर चढतो. हे मायक्रोफोनशिवाय शक्यच नाही. ऑपेरातल्या गायकाला वाद्यवृंदावरून आवाज न्यायचा असतो, तो कुजबुजायला लागला तर तिसऱ्या रांगेतही पोचणार नाही. इथे कपाळाशी चिकटवलेला दाणाएवढा माइक चार हजार माणसांच्या कानाशी ती कुजबुज नेऊन ठेवतो. रॉकने नाटकाला ठणाणा दिला असं लोक म्हणतात. मला वाटतं त्याहून मोठी देणगी ही कुजबुज आहे.

याचा एक अनुभव सांगते. एका कॉलेजच्या कार्यक्रमासाठी एक मुलगा हे गाणं बसवत होता. आठ वर्षं ख्याल शिकलेला, गळा तयार. पहिल्या तालमीला प्रत्येक लांब स्वरावर बारीकशी हरकत. मी म्हटलं, "अरे, हा माणूस झोपेविना तळमळतोय, तू त्याला नक्षीकाम करायला बसवलंयस." स्वर सरळ ठेवायला त्याला दोन आठवडे लागले. मग व्यंजनं. फ्रेंच 'स' आणि 'स्स' यांतच त्या गाण्याचं विष आहे, ते दातांमधून आलं पाहिजे. सगळं जमलं. त्याच्या गळ्याला झेपावं म्हणून ट्रॅक दोन स्वर खाली उतरवून घेतला होता. कार्यक्रमाच्या दिवशी लॅपटॉपवर बसलेल्याने मूळ पट्टीतली फाइल लावली. पोराने पहिलं कडवं निभावलं, ध्रुवपद आलं तसं त्याने हुशारीने सप्तक खाली घेतलं आणि सगळं गाणं खालीच गाऊन संपवलं. एकही सूर हुकला नाही. आणि गाणं साफ पडलं. टाळ्या आल्या त्या ओळखीपाळखीच्या. तेव्हा नीट कळलं, या गाण्यात चाल म्हणावी तर फार काही नाही; जे आहे ते खालून वर जाण्यात आहे. ती चढण काढली की उरतो नुसता तक्रारीचा सूर.

आता तुमच्या वैतागाची बाजू घेते. फ्रान्समधल्या या जातीच्या म्युझिकलची रीत अशी, की प्रयोगाच्या कितीतरी आधी गाणी बाजारात येतात. रेडिओवर वाजतात, त्यांचे व्हिडिओ येतात, अल्बम खपतो, आणि मग लोक ती गाणी 'पाहायला' येतात. या नाटकाचंही तसंच झालं. धंदा म्हणून पक्का हिशोब आहे, पण नाट्य म्हणून त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक गाणं साडेतीन-चार मिनिटांत स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, गोष्ट माहीत नसलेल्या माणसालाही कळायला हवं. म्हणजे गाण्यात काही घडायला परवानगी नाही. माणूस गाण्याआधी दुःखी असतो आणि गाण्यानंतरही तेवढाच दुःखी. मधल्या संवादात पटापट प्रसंग उरकायचे, की पुन्हा दिवे बदलतात आणि पुढचं गाणं.

मोझार्टचं खरं कसब नेमकं याच्या उलट होतं. 'फिगारोचं लग्न' या त्याच्या १७८६ च्या ऑपेरातला दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. सुमारे वीस मिनिटं संगीत थांबत नाही. सुरुवातीला नवरा-बायको दोघंच भांडतायत. मग मोलकरीण, मग फिगारो, मग दारूच्या तारेतला माळी, करता करता स्टेजवर सात जण होतात आणि प्रत्येकाचं वेगळं चाललंय. दर दोन मिनिटांनी परिस्थिती पालटते, आणि ती गाण्याच्या आत पालटते. चार माणसं एकाच वेळी बोलली तर संवादात गोंगाट होतो. संगीतात त्याचं काहीतरी बनतं, हे त्याला जसं उमगलं होतं तसं फार थोड्यांना. त्याच्या आयुष्यावरच्या या नाटकात हे कसब एकदाही दिसत नाही. काजळ, गिटार, चामड्याचे बूट यांचं मला काही वाटत नाही. हे मात्र खटकतं.

पण 'रॉक' आणि 'मोझार्ट' हे शब्द शेजारी ठेवलेच कसे, असा जर तुमचा आक्षेप असेल, तर तिथे मी तुमच्या बाजूने नाही. आज आपण मोझार्ट ऐकताना खोकलासुद्धा दाबून धरतो. त्याचे श्रोते तसे नव्हते आणि त्यालाही ते तसे नको होते. १८ जून १७७८ ला पॅरिसमध्ये त्याची एक सिंफनी वाजली. त्याबद्दल त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पहिल्या भागात मध्येच एक जागा येते, ती लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तीच जागा त्याने शेवटी मुद्दाम पुन्हा आणून ठेवली होती. शेवटच्या भागाची तर युक्तीच. पॅरिसला तो भाग सगळ्या वाद्यांनी धडाक्यात सुरू करायची पद्धत होती. याने सुरुवातीचे आठ मात्रागट फक्त व्हायोलिनांवर हळू आवाजात ठेवले. श्रोते एकमेकांना 'शूऽऽ' करू लागले, आणि त्याच क्षणी सगळा वाद्यवृंद जोरात कोसळला. टाळ्या तत्क्षणी. मग हा पठ्ठ्या खुशीत पाले रॉयालला गेला, आइस्क्रीम खाल्लं, बोललेला जपमाळेचा नवस फेडला आणि घरी गेला. चालू गाण्यात दाद, हमखास जागा, शांततेनंतरचा दणका. संगीत नाटकाच्या वन्समोअरवर वाढलेल्या आपल्याला यात परकं काय आहे?

आणि आवाजाचं म्हणाल, तर त्याला मोठा आवाज मनापासून आवडायचा. एप्रिल १७८१ मध्ये व्हिएन्नाहून तो वडिलांना उत्साहाने कळवतो, की त्याच्या सिंफनीला चाळीस व्हायोलिनं होती, फुंकवाद्यं सगळी दुप्पट, दहा व्हायोला, दहा डबल बेस, आठ चेलो, आणि 'बसून' नावाची खर्जातली सहा फुंकवाद्यं. त्या काळी अॅम्प्लिफायर म्हणजे हेच.

त्या पॅरिसच्या पत्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते लिहिलं गेलं ३ जुलैच्या रात्री. त्याच रात्री त्याची आई त्याच्यासमोर, त्या परक्या शहरात, वारली होती. वडिलांना त्याने लिहिलं की आई फार आजारी आहे, देवावर भरवसा ठेवा. आणि त्याच पत्रात सिंफनीची, टाळ्यांची, आइस्क्रीमची हकिकत. दुसरं पत्र त्यांच्या गावातल्या, साल्झबर्गमधल्या, एका धर्मगुरू मित्राला: आई गेली, तुम्ही वडिलांच्या मनाची हळूहळू तयारी करा. बावीस वर्षांचा मुलगा. नाटकात पॅरिसच्या या पडझडीवर 'झ दॉर स्युर दे रोझ' हे गाणं आहे, 'मी गुलाबांवर झोपतो', म्हणजे काट्यांसकट. गाणं चांगलं आहे, लोकोन्ते जीव ओतून गातो. पण गाणं म्हणतं, मला असह्य होतंय. पत्र तसं काहीच म्हणत नाही, वडिलांना धक्का बसू नये म्हणून आइस्क्रीमच्या गप्पा मारतं. रॉकच्या गाण्याला लपवणं जमत नाही, ओरडणं जमतं. मोझार्टच्या ऑपेरात तर लोक हसत हसत रडतात.

खरं-खोटं आता भराभर सांगते. साल्झबर्गचा आर्चबिशप कोलोरेडो, म्हणजे मोझार्टचा धनी, याच्याशी वाकडं, खरं; १७८१ मध्ये त्याच्या दरबारातल्या काउंट आर्कोने मोझार्टला अक्षरशः ढुंगणावर लाथ घालून बाहेर काढलं, हे मोझार्टनेच लिहून ठेवलंय. गायिका अलोइझिया वेबरवर जीव जडणं, तिने झिडकारणं आणि शेवटी तिच्या धाकट्या बहिणीशी, कॉन्स्टान्झेशी, ४ ऑगस्ट १७८२ ला लग्न, हेही खरं. या मुलींच्या आईच्या, वेबरबाईंच्या, कारवाया नाटकात थोड्या भडक वाटतात, पण मुलीच्या पालकाने मोझार्टकडून कागद लिहून घेतला होता: तीन वर्षांत लग्न कर, नाही तर दरसाल तीनशे गुल्डन भर. कॉन्स्टान्झेने तो फाडून टाकला. मराठी कौटुंबिक नाटकात शोभेल असा प्रसंग. रेक्विएमची, म्हणजे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासंगीताची, मागणी गुप्तपणे आली होती, तीही खरी. मागणारा काउंट वाल्सेग, बायकोच्या स्मरणार्थ त्याला हवं होतं. त्यातल्या 'लाक्रिमोजा' या भागाचे सुरुवातीचे आठच मात्रागट मोझार्टच्या हातचे आहेत, पुढचं शिष्य झ्युसमायरने पुरं केलं.

सालिएरीचं मात्र बहुतेक सगळं रचलेलं. याचा दोष या फ्रेंच मंडळींना देऊ नका. रशियन कवी पुश्किनने १८३० सालीच सालिएरीच्या हातात मोझार्टला पाजायला विषाचा पेला दिला होता, आणि १९७९ च्या 'अमाडेउस' या इंग्रजी नाटकाने आणि १९८४ च्या त्यावरच्या सिनेमाने तो पेला जगभर फिरवला. खऱ्या आयुष्यात दोघांत दरबारी चढाओढ होती, ती असणारच. ७ फेब्रुवारी १७८६ ला शॉनब्रुनच्या राजवाड्यात एकाच संध्याकाळी दोघांच्या एकेका छोट्या ऑपेराचा सामना लावला गेला होता. पण विष? 'सेरालियोतून अपहरण' या मोझार्टच्या १७८२ च्या ऑपेरात नायिका होती काटेरीना काव्हालिएरी, ती सालिएरीची शिष्या. एका गायिकेच्या आजारातून बरं होण्यानिमित्त १७८५ मध्ये दोघांनी मिळून एक छोटी रचना केली होती. ती हरवली असं मानलं जायचं, २०१५ मध्ये प्रागच्या संग्रहालयात सापडली. आणि मोझार्ट गेल्यावर त्याचा धाकटा मुलगा सालिएरीकडेच शिकला. बेथोव्हेन, शुबर्ट, लिस्ट हेही त्याचे शिष्य.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो १४ ऑक्टोबर १७९१ च्या पत्रातला प्रसंग. मोझार्टला अजून दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. तो कॉन्स्टान्झेला लिहितो, की काल सालिएरीला आणि काव्हालिएरीला गाडीतून आपला 'जादूची बासरी' हा ऑपेरा दाखवायला घेऊन गेलो. व्हिएन्नाच्या उपनगरातलं थिएटर, संवाद आणि गाणी असलेलं लोकांचं नाटक, यंत्रं, विनोदी पात्रं. सालिएरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन बसला होता, आणि असा एक तुकडा गेला नाही जिथे त्याच्या तोंडून 'ब्राव्हो' किंवा 'बेल्लो' आलं नाही. मोझार्ट हे फार आनंदाने सांगतो. नाटकाच्या शेवटी मृत्युशय्येवरचा मोझार्ट आणि पश्चात्तापाने पोळलेला सालिएरी मिळून 'व्हीव्र आ आं क्रव्हे' गातात, तेव्हा मला ही बग्गी आठवते. ते युगुलगीत चांगलंच रंगतं, पण दोघं शेजारी शेजारी बसून नाटक बघतायत हे दृश्य कोणीतरी लिहायला हवं होतं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: मनावर घ्या, पण मोझार्टसाठी नाही. मोझार्ट समजून घ्यायला 'फिगारो'चा तो दुसरा अंक आहेच, मुलीला एकदा शेजारी बसवून, भाषांतर समोर ठेवून ऐकवा. हे नाटक ऐका ते दुसऱ्याचं चांगलं ऐकून कासावीस होणाऱ्या माणसासाठी. मध्यंतरापर्यंतचं झटपट उरकलंत तरी चालेल.

ट्रॅक चुकलेला तो मुलगा अजून येतो माझ्याकडे. मध्ये म्हणाला, "मॅडम, सालिएरीचं खरं काहीतरी द्या ना गायला." मी त्याला १७७८ च्या एका ऑपेरातली आरिया काढून दिली. सालिएरीच्याच चाली, आणि ऑपेराचं नाव 'ला स्कुओला दे जेलोझी', म्हणजे मत्सरी माणसांची शाळा. नाव वाचून पोरगं गंभीर चेहरा करून बसलं, काळा कोट घालून गायच्या तयारीत. मी म्हटलं, "कोट काढ आधी. विनोदी आहे ते."